हा साप मारू नका

इतकी वर्षं मी खरं लिहीत आले आणि कोणी ऐकलं नाही. एका रविवारी चुकीचं छापून आलं आणि अख्ख्या पेडणे-डिचोलीने ऐकलं. याला नशीब म्हणायचं की आणखी काही, ते मला ठाऊक नाही. माझा विषय जीवशास्त्र आहे.

मी शीतल मांद्रेकर. डिचोलीत एका उच्च माध्यमिक विद्यालयात शिकवते आणि एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत ‘परसातले जीव’ हे सदर लिहिते. पाल विषारी नसते, घुबड कोणाच्या मरणाची वाट बघत नाही, साप दूध पीत नाही, नागीण सूड घेत नाही, हे मी आळीपाळीने, शब्द बदलून, दर पावसाळ्यात नव्याने सांगते. पालथ्या घड्यावर पाणी. वाचक बाजारात भेटतात, म्हणतात, “बाई, तुमचं सदर एकदम फर्मास हां.” या वेळी कशावर होतं, असं विचारलं की हसून मासळीकडे वळतात. नवरा तर उघडच सांगतो की तुझं भाषण रोज फुकट ऐकतो, रविवारी तरी सुट्टी दे.

तर कंटाळा आला होता. पेपर तपासायचे, मतदारयाद्यांचं काम, त्यात हे सदर. तरी कवड्या या सापावरचा लेख मी मन लावून लिहिला, कारण तो बिचारा दुसऱ्याच्या पापाची शिक्षा भोगतो. कवड्या आणि मण्यार दिसायला सारखे. आमच्याकडे मण्यारीला कांडार म्हणतात. दोघांचा रंग काळपट, दोघांच्या अंगावर पांढरे पट्टे, दोघं घरात शिरतात. कवड्या पाली खातो, आणि चावला तरी रडायचं कारण नाही. कांडार मात्र रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावतो, धड दुखतही नाही, आणि उजाडेपर्यंत माणसाचा श्वास थांबतो. ओळखायची खूण अशी, की कवड्याचे पट्टे मानेपासूनच ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे फिके होत जातात; कांडाराचं नेमकं उलट. शेवटी मी लिहिलं होतं की जरा जरी शंका असली तरी लांब राहा आणि साप पकडणाऱ्याला बोलवा. सोबत दोन फोटो दिले.

रविवारी सकाळी चहात पाव बुडवत पुरवणी उघडली. पाव कपातच राहिला.

शनिवारी संध्याकाळी म्हणे फर्निचरवाल्याची जाहिरात आली, म्हणून पान पुन्हा लावलं. माझा शेवटचा परिच्छेद उडाला. दोन फोटोंपैकी एकच राहिला, तोही मोठा करून. वर जाड अक्षरांत ‘हा साप मारू नका!’ आणि खाली ओळ, ‘कवड्या : पूर्ण बिनविषारी. घरात आल्यास घाबरू नका.’ फोटो कांडाराचा होता. इतका सुंदर, इतका स्पष्ट, की कोणालाही कापून भिंतीवर लावावासा वाटावा.

पुरवणीचा संपादक सर्वेश दुपारी उठला तेव्हा फोनवर सापडला. चांगला मुलगा आहे, माझ्यावर ओरडू दिलं त्याने मला. मग म्हणाला, “बाई, मोबाईलवरच्या आवृत्तीत आत्ता बदलतो. पण छापलेलं परत कसं घेऊ? पुढच्या रविवारी चौकट टाकतो.”

“पहिल्या पानावर टाक.”

“पहिलं पान जाहिरातीचं असतं.”

“मग उद्याच्या अंकात टाक. माणसं मरतील, सर्वेश.”

“उद्याच्यात टाकतो, आतल्या पानावर,” तो म्हणाला. ती चौकट सोमवारी आली. शोकसंदेशांच्या खाली, आगपेटीएवढी.

आणि फोन! माझ्या आयुष्यात वाचकांचे एवढे फोन कधी आले नव्हते. बाई, फोटो कापून ठेवला. बाई, बालवाडीत लावला. बाई, ग्रुपवर टाकला. प्रत्येकाला मी सांगत होते की तो फोटो चुकीचा आहे, फाडून टाका, आणि प्रत्येकजण “हो हो” म्हणत होता. व्हॉट्सअ‍ॅपवर दुरुस्ती टाकली, खाली पन्नास हात जोडलेले आले आणि ती तिथेच थांबली. मूळ लेख मात्र फिरून फिरून माझ्याकडेच येत राहिला, वर ‘जनहितार्थ जारी’. रात्री माझ्या सख्ख्या नणंदेने मला तो कौतुकाने पाठवला.

त्याआधी संध्याकाळी पाळी गावाला जाऊन आले. तिथे खाणीच्या ट्रकांची कामं करणारा महादेव नावाचा दोडामार्गकडचा मेस्त्री आहे, त्याच्या गॅरेजात कात्रण लागल्याचं एका विद्यार्थ्याने सांगितलं होतं. होतं खरं, गणपतीच्या कॅलेंडरशेजारी, ग्रीसच्या बोटांसकट. मी स्कूटरवरून उतरल्या उतरल्या सगळं सांगितलं. महादेव शांतपणे म्हणाला, “बाई, तुमी उगाच दगदग केल्यात. हय साप येता तो आदी टायराखाली जाता. मग आमी त्येचा नाव विचारतंव.” कात्रण काढून त्याने त्याला हात पुसले. परत येताना मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि लाल धुळीने डोळे चुरचुरत होते ते वेगळंच.

सोमवारी मधल्या सुट्टीत दत्तारामांचा फोन आला.

दत्ताराम गवस इब्रामपूरचे. माड, पोफळी, थोडी काजूची बाग. काही वर्षांपूर्वी तिथल्या शाळेत माझं सापांवर व्याख्यान होतं, तेव्हा हे मागे उभे होते. सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, “बाई, तुमच्या घरात साप येता?” मी फ्लॅटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर राहते, हे मला सांगावं लागलं. पोरं हसली, मुख्याध्यापकही हसले. तेव्हापासून आमचं वैर म्हणा, मैत्री म्हणा. गावात कोणाकडे साप निघाला की दत्तारामांना बोलावणं जायचं आणि ते दांडा घेऊन निघायचे. दर नागपंचमीला मला फोन करायचे, “आज सुट्टी हां बाई. आज मारणा नाय. फाल्यां बघूया.” उद्याच्या त्या वायद्यावर मी चिडायचे, ते हसायचे. माझं सदर ते न चुकता वाचायचे, मला वाटतं भांडायला मुद्दे मिळावेत म्हणून.

त्या दिवशी त्यांचा आवाज लाजल्यासारखा होता. “बाई, तुमचो कवड्यो आमच्याकडे इलो हा. न्हाणीच्या मागे आसा. मी मारूक नाय.”

मी हातातला डबा खाली ठेवला.

“ऐकतात मगे? पेपरात बघलंय, पट्टे जुळयलंय. म्हटला, बाई इतकी वर्सां सांगतत, एकदा आयकूया. सून भियाता, पण तिका गप केलंय.”

“दत्ताराम, त्याच्या जवळ जाऊ नका! तो फोटो—”

“येवन बगा तुमी,” ते म्हणाले आणि फोन तुटला. पुन्हा लावला तर संपर्कक्षेत्राच्या बाहेर. पुन्हा, पुन्हा, तेच. त्यांचा मुलगा प्रवीण मोपा विमानतळावर गाडी चालवतो, त्याचा नंबर माझ्याकडे नव्हता. सून दिपाली आणि तिचा साईश घरात असतात एवढं ठाऊक होतं. साईश रांगायला लागला आहे, हे दत्तारामांनीच या नागपंचमीला सांगितलं होतं.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाले. स्कूटरवर सारखा एकच विचार. आयुष्यात एकच माणूस माझ्या लिहिण्याने बदलला, आणि तो नेमका या लेखाने! त्या घरात काही झालं तर लिहिणं राहू दे, मला तोंड दाखवायलाही जागा नाही. ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं आणि मला हेल्मेटच्या आत थंडी वाजत होती.

घरापाशी पोचले तर अंगण सारवलेलं, शांत. दिपाली पडवीत तांदूळ निवडत होती, साईश तिच्या पाठीवर फडक्याने बांधलेला. एवढं मोठं मूल कोणी पाठीला बांधून तांदूळ निवडत नाही. आत भिंतीवर, देवाच्या फळीखाली, शितांनी चिकटवलेलं माझं कात्रण दिसलं.

“इलात?” दत्ताराम माझ्यामागून आले, धोतराला हात पुसत. एवढे खूश मी त्यांना कधी बघितले नव्हते. “आदी पाहुणो बगा, मग च्याय.”

“आधी माझं ऐका.”

“बगा मगे आदी!” आणि ते चालायलाही लागले. मी धावत मागे गेले. न्हाणीच्या मागे चिऱ्यांचा जुना बांध, त्यातला एक दगड सुटलेला. पुढ्यात करवंटी, करवंटीत दूध.

“दूध, दत्ताराम?” एवढ्या भीतीतही माझ्या तोंडून निघालंच.

“म्हायत आसा, पियाना नाय. मांजर पिता. पण पाहुण्याच्या दारात काय तरी ठेवक नको?”

त्यांना मागे सारलं, मोबाईलचा दिवा लावला आणि जेवढ्या लांबून दिसेल तेवढ्या लांबून फटीत बघितलं. साप वेटोळं करून निजला होता. मान दिसत होती. मानेपासून पांढरे पट्टे, रुंद, स्वच्छ. शेपूट बाहेरच्या बाजूला होती, तिच्यावर पट्टे नव्हतेच म्हणावं इतके फिके. पाठीवर कांडाराची ती मोठी षटकोनी खवल्यांची ओळ नव्हती. मी तीनदा बघितलं. कवड्या होता. खराखुरा, पाली खाणारा, कोणाचं काही न बिघडवणारा कवड्या.

फोटो चुकीचा, आणि साप बरोबर! दत्तारामांनी पट्टे कसे जुळवले देव जाणे. पट्टे बघितले असतील, कुठून कुठे जातात ते बघितलं नसेल. मी कपडे धुवायच्या दगडावर बसले.

“काय झाला?”

“कवड्याच आहे,” मी म्हटलं.

“बघलंस?” ते पडवीच्या दिशेने ओरडले. “बाई म्हणतत कवड्योच! उगाच रडत होतंस!”

दिपाली कोपऱ्यापर्यंत आली होती. तिचे डोळे सुजलेले होते. सासऱ्यांकडे बघत हळू आवाजात मला म्हणाली, “बाई, काल रात्री मी डोळ्याक डोळो लावूक नाय. साईशाक मेजार निजयलंय आणि धरून बसलंय. मामांका सांगलंय, मारा तेका. ते म्हणाले, बाईंनी लिवलां.”

टेबलावर निजवलेलं पोर डोळ्यांसमोर आणत मी ते ऐकत बसले. खरं सांगते, त्या दगडावर बसून माझ्या मनात आलं की गप्प राहावं. इथे काही धोका नाही. साप निरुपद्रवी आहे, पोर सुखरूप आहे. चहा प्यायचा, बोलता बोलता भिंतीवरचा कागद काढून घ्यायचा, नवा चांगला फोटो पाठवते म्हणून सांगायचं आणि घरी जायचं. इब्रामपुरात सापांचा काळ असलेला माणूस माझ्या बाजूचा झाला होता, तो तसाच राहिला असता. मी फार दमले होते आणि मला तो हवा होता. माझ्या सगळ्या लिहिण्याची तेवढीच कमाई होती.

पण कागद गेला तरी फोटो त्यांच्या डोक्यात राहणार. पुढच्या महिन्यात खरंच कांडार आला तर त्यालाही करवंटी ठेवतील. आणि दिपाली माझ्याकडे बघत होती.

“दत्ताराम, तुमच्या भिंतीवरचा फोटो कांडाराचा आहे,” मी म्हणाले. “छापताना चूक झाली. खाली नाव कवड्याचं पडलं. तेच सांगायला मी धावत आले.”

त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. मग मी उठून आत गेले, कात्रण दाखवलं, बोटाने पट्टे दाखवले, मोबाईलवर दोन्ही साप शेजारी शेजारी धरले. वर्गात शिकवते तसंच सगळं नीट शिकवलं. ते वाकून बघत राहिले.

“म्हणजे हो कांडार,” ते म्हणाले.

“होय.”

“आणि मी हेका देवाच्या खाली लायलंय.”

“तुमची चूक नाही. माझीही... पान लावणाऱ्यांची चूक झाली.”

“नाव तुमचा आसा, बाई.”

नाव माझंच होतं, फोटोसकट.

“आणि न्हाणीमागचो?” त्यांनी विचारलं.

“तो कवड्याच. शंभर टक्के. मी डोळ्यांनी बघितला.”

“काल सकाळीय तुमी शंभर टक्केच सांगललास.”

ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं, आमच्या भांडणाची मला सवय होती. ते फक्त दमलेले दिसले, माझ्यासारखेच. त्यांनी दिपालीच्या पाठीवरच्या साईशला हात लावला, मग पडवीच्या वाशात खोचलेला दांडा काढला.

“दत्ताराम, थांबा. पेडण्याच्या माणसाला फोन करते. तो येऊन पकडेल, लांब नेऊन सोडेल. मी तो येईपर्यंत इथेच बसते. शपथ घेते, तो बिनविषारी आहे!”

“हो न्हेतलो. फाल्यां दुसरो येतलो. तेव्हा तुमी आसतलास?”

“मी शिकवते ना ओळखायला.”

“रातीचो, दिवो गेलेलो, मी साठ वर्सांचो. पट्टे मोजीत बसू मी?” ते म्हणाले. “पोरगो मेजार निजता, बाई. मेजार!”

मी त्यांच्या वाटेत उभी राहिले. खरंच राहिले, दोन्ही हात पसरून, एखाद्या वेडीसारखी. ते थांबले. त्यांनी मला ढकललं नाही, बाजूला हो म्हटलं नाही. दांडा खाली टेकवून नुसते उभे राहिले, आणि दिपाली मागून म्हणाली, “बाई, सरा.”

मी सरले.

फार वेळ लागला नाही. कवड्या लहानसाच असतो, हातभर. चिऱ्याचा दगड बाजूला झाल्याचा आवाज आला, मग दांड्याचे आवाज, गरजेपेक्षा जास्त. साप साप म्हणून भुई धोपटणं मी लेखांत कितीदा लिहिलंय, चेष्टेने. ऐकायला ते तसं नसतं. तो मेलेला त्यांनी दांड्यावर घेऊन माझ्यासमोरून नेला आणि माडाच्या मुळाशी पुरला. पट्टे मानेपासून सुरू होत होते. मी बरोबर होते, आणि त्याचा कोणालाच उपयोग नव्हता.

दिपालीने साईशला पाठीवरून सोडलं. जमिनीवर ठेवल्याबरोबर तो रांगत सुटला, पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. मला तिचा राग आला नाही. कोणाचाच आला नाही. मला फक्त घरी जाऊन झोपायचं होतं.

दत्तारामांनी हात धुतले, माझ्यासाठी खुर्ची ओढली, स्वतः पायरीवर बसले. चहा आला. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी बघितलं आणि नजर वळवली.

“इतक्या दिसांनी एकदा सोडलंय,” शेवटी ते म्हणाले. “माका बरा वाटला होता, बाई. खोटा नाय सांगणा. काल दिसभर बरा वाटला.”

“मला ठाऊक आहे.”

“आता माका परत सगळेच मारूक होये. माका कळना नाय मगे कोण कोण तो.” त्यांनी कप खाली ठेवला. “एक विचारू? लिवणाऱ्या बाईक नाय, तुमका विचारतंय. ह्या तुमचा घर, ह्या तुमचा पोर. पेपरात आज एक आणि फाल्यां दुसरा. तुमी काय केला असतास?”

उत्तर मला पाठ होतं. पाच पायऱ्यांत, चित्रांसहित, कितीदा छापलेलं. शांत राहा, अंतर ठेवा, नजर ठेवा, फोन करा, वाट पाहा. साईश रांगत माझ्या पायापाशी आला आणि माझ्या साडीला धरून उभा राहायला बघू लागला.

“मारला असता,” मी म्हटलं. “मला सापांची भीती वाटते, दत्ताराम. अजून वाटते. मीही मारला असता.”

दत्ताराम माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान हलवली, नाराजीने नव्हे, एखादी साधी गोष्ट उशिरा कळल्यावर हलवतात तशी.

“ह्या आदी लिवूक होया होता, बाई,” ते म्हणाले. “मी तेव्हाच आयकला असता.”